पान एकशे बारा

लाखांदूरच्या वाचनालयातलं
रद्दीत जाता जाता राहिलेलं पुस्तक.
पुठ्ठा नाही. पहिली सोळा पानं
वाळवीनं माझ्याआधी वाचलेली.

पान एकशे बारावर दोन बाहुल्या.
बाहुल्या नव्हेत, बाजूला लिहिलंय:
नायजेरियातल्या योरुबा लोकांत
जुळ्यातलं एक गेलं
तर त्याच्या नावानं लाकूड कोरून घेतात.
माय त्याला न्हाऊ घालते, भरवते,
अंगाला तांबडी पूड, केसांना नीळ,
जित्याला अंगडं शिवलं की त्यालाही शिवते.
चित्रातल्या दोघांनाही
नाक जवळजवळ नाहीच.

बाबा ओसरीत नंदीबैल तासत होते.
तान्हा पोळा बारा दिवसांवर,
शिवणीच्या ढलप्यांत पाय घोट्यापर्यंत बुडालेले.
पुस्तक हातात घेतलं नाही त्यांनी,
हात भरलेले.
मीच धरलं. ते वाकले,
कागदाला नाक लागेस्तोवर.

"हे वाकसानं नाही गेलं.
पटाशीनं बी नाही.
हे बोटानं गेलं, बाई.
धा-पंधरा वर्सं रोज कोनी तोंड धुतलं असन याचं."

लटारू मिस्त्री, शाळा दुसरीपर्यंत.
मी खालचा मजकूर पुन्हा वाचला.
तेच लिहिलं होतं,
फक्त लांबवून.

माय सुपात तांदूळ निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"आता कोठी राह्यते ते?"
काचेत, माय. परदेशात. संग्रहालयात.
"मंग न्हाऊ कोन घालते?"

सूप थांबलं.
मी पानावर शोधलं:
उंची दहा इंच. लाकूड, मणी, नीळ.
पुढं एक क्रमांक.
बस.

तिकडं जुळी नाव घेऊनच येतात म्हणे.
आधीचं ते तायवो,
जग चाखून बघायला पुढं धाडलेलं.
मागून येतं ते केहिंदे,
आणि थोरलं तेच,
कारण धाडणारं तेच.

मी सोळा मिनिटं आधीची.
म्हणजे त्यानंच धाडलं होतं मला
कसं काय आहे बघून ये म्हणून.
मी रडले.
ते ऐकूनही तो आला.

अकरा दिवस राहिला.
बारसं बाराव्या दिवशी होतं.

आमच्याही देव्हाऱ्यात गेलेल्यांची तोंडं आहेत,
चांदीच्या टाकांवर ठोकलेली.
आजीच्या गळ्यात तर
तिच्या सवतीची पुतळी होती,
सणाला आधी तिला नैवेद्य, मग आजी जेवायची.
पण दात न आलेल्याचा टाक करत नाहीत.
त्याला चुलबंदच्या काठानं नेलं,
मोहाच्या झाडाखाली,
आणि पुराच्या एका साली
मोहही गेला.

मला वाटलं, बाबा आता कोरतील.
शिवणीचा एक बेताचा तुकडा
त्यांनी दोनदा हातात घेतला, वजन केलं,
आणि त्याचा बैल केला.
सत्तेचाळीस बैल झाले त्या वर्षी.
चाकं लावली, शिंगं रंगवली,
पोळ्याच्या आदल्या सांजेपर्यंत सगळे विकले.
त्या तुकड्याचा कुणी नेला,
मी लक्ष ठेवलं होतं, तरी चुकलं.

पुस्तक परत करायला गेले
तेव्हा रहांगडाले सरांनी पानं चाळली,
एकशे बारावर थांबले.
पान खिडकीच्या उजेडाकडं धरलं.

कागदाची चकाकी गेलेली.
उजव्या बाहुलीच्या तोंडावर
ओलं बोट फिरून फिरून
कागदाला लव आलेली,
आणि डोक्याच्या जागी
टाळूएवढा गोल, पलीकडचं दिसेल असा.

त्यांनी हुंगलं.
"खोबरेल?"
मी काही बोलले नाही.
घरात तेव्हा लहान मूल नव्हतं.

दंड तीस रुपये.
पावतीच्या शेवटच्या रकान्यात
सरांनी कारण लिहिलं:
तेलाचा डाग.